दोन्ही डोळे उघडे

ध्यानाच्या वर्गात सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, हे कुणीही सांगेल. शिकवणाऱ्याचे मात्र टक्क उघडे असतात, हे मला चौगुले सरांच्या वर्गात कळलं, कारण तिथे माझेही उघडेच होते.

लखनौच्या तेलीबागेतल्या आमच्या कॉलनीला एक बारातघर, म्हणजे लग्नाचा हॉल, आहे. लग्नसराईत तिथे वरात, डीजे, पनीर, सगळं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच सतरंजीवर चौगुले सर ध्यान शिकवत. बसायच्या आधी आम्ही झेंडूच्या पाकळ्या आणि कागदी द्रोण झाडून काढायचो. कोपऱ्यात नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या कायमच्याच ठेवलेल्या असत. सर त्यातल्या एकीवर मफलर टाकत आणि स्वतः खाली बसत. "वर बसलो तर कुणीतरी हार घालंल," म्हणत.

सर सत्तरीच्या पुढचे, बुटके, हिवाळा-उन्हाळा तपकिरी अर्ध्या स्वेटरमध्ये. मूळचे तासगावजवळच्या एका खेड्यातले. लखनौत वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी उभी हयात मायक्रोस्कोपखाली परागकण बघण्यात घालवली. निवृत्तीनंतर बायको गेली, मुलगी सुनंदा सांगलीत, तरी सर तेलीबागेतून हलले नाहीत. चाळीस वर्षं इथे राहूनही त्यांच्या हिंदीतली सांगली काही सुटली नव्हती. "साँस छोड़ो की, श्रीवास्तवजी. पकड़ के क्यों बैठे हो?" हा 'की' वर्गालाही चिकटला होता. पांडे भाभी मला "चाय पीजिए की, मैडम" म्हणायच्या आणि आपण काही वेगळं बोललो हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्यांची-माझी ओळख भाजीच्या गाडीवर झाली. बँकेनं माझी नाशिकहून लखनौला बदली केली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. मी फोनवर बहिणीशी तावातावानं मराठीत बोलत होते. बाजूचे गृहस्थ मटार निवडता निवडता म्हणाले, "नाशिकच्या काय ओ तुम्ही?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माणूस अनोळखी बाईकडे बघतो तसं नव्हे, डॉक्टर एक्स-रे बघतो तसं. "झोप नाही नीट," म्हणाले. "श्वास वरच्या मजल्यापर्यंत येतोय आणि परत जातोय. सकाळी सहाला बारातघरात या, ध्यानाला."

मला हे आगाऊपणाचं वाटलं. पण ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

तोवर मी ध्यानाचे सगळे प्रकार करून चुकले होते. मोबाइलवरची एक बाई मला रोज समुद्रकिनारी न्यायची आणि जाहिरात लागली की तिथेच सोडून द्यायची. मग गोमती नगरमधल्या एका एसी स्टुडिओत महिनाभर गेले. तिथला शिक्षक पोरसवदा, गोड आवाजाचा होता. तो सांगायचा, आँखें बंद कीजिए, आप एक झरना हैं. सगळे झरे व्हायचे. मी डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरचं हिरवं प्लास्टिकचं गवत बघत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात तो डोळे मिटल्या वर्गाला उद्देशून म्हणाला, "कुछ लोग रेज़िस्ट कर रहे हैं." मी उठले, चपला घातल्या आणि घरी आले.

मला डोळे मिटता येत नव्हते. हट्ट नव्हता तो. मिटले की छातीत धस्स व्हायचं आणि ते आपोआप उघडायचे. त्याचं कारण मला माहीत होतं, पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही.

चौगुले सरांच्या वर्गाची सुरुवात रोज सारखीच व्हायची. ते मान मागे टाकून दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घालत, रुमालानं टिपत आणि सावकाश सगळ्यांवरून नजर फिरवत. मग म्हणत, "आँखें बंद कर लीजिए. मैं हूँ." एवढंच. समुद्र नाही, झरा नाही. या दोन शब्दांवर माणसं अशी सैलावायची, की मला त्यांचा हेवा वाटायचा.

त्यानंतर ते बोलत ते श्वासाबद्दलच, आणि त्यांचं बोलणं ठरलेलं नसायचं. वर्गात सगळ्यात संथ श्वास ज्याचा असेल, त्याच्या मागून ते चालत. बहुधा ते श्रीवास्तवजी असत, विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले, पोटाचा घेर मोठा आणि श्वास त्याहून ऐसपैस. त्यांचं पोट खाली गेलं की सर म्हणत "जाने दीजिए," आणि वर यायला लागलं की "आ रहा है." डोळे मिटलेल्या प्रत्येकाला वाटायचं की सर फक्त माझ्याशीच बोलतायत. उघड्या डोळ्यांनी बसलेल्या मला सगळी युक्ती दिसायची. मध्येच कुणाचे खांदे चढले की सर नाव घेऊन सांगत, "भाभीजी, कंधे." पांडे भाभींचे खांदे मिटल्या डोळ्यांनी खाली येत.

एकदा भाभींनी त्यांना गळ घातली. त्या दोन महिने कानपूरला लेकीकडे जाणार होत्या, फोनमध्ये आवाज भरून द्या म्हणाल्या. सरांनी साफ नकार दिला. "भाभीजी, रेकॉर्डिंग को दिखता नहीं. आप रो रही होंगी और वो बोलता रहेगा, मुस्कुराइए." भाभी रुसल्या. मग सरांनी दोन महिने रोज सकाळी साडेसातला त्यांना कानपूरला व्हिडिओ कॉल केला, पाच मिनिटांचा. फोन नाकाला लावून बघत असत. तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी सगळेच तसं बघतात.

मी वर्गाला जायला लागले, तेव्हा पहिले आठ दिवस सर मला काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा आणि बन-मक्खन घेताना म्हणाले, "नाशिककर, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या वेळी मायक्रोस्कोप एका नळीचा असायचा. नवीन माणूस आला की पहिलं काय करतो? एक डोळा नळीला लावतो आणि दुसरा गच्च मिटतो. तासाभरात डोकं ठणकायला लागतं. मग त्याला शिकवायचं, बाबा, दोन्ही उघडे ठेव. एका डोळ्यानं स्लाइड बघ. दुसऱ्याला टेबल दिसतंय, दिसू दे की. त्याला हाकलू नको आणि त्याच्या मागेही लागू नको. पंधरा दिवसांत टेबल आपोआप मागं सरतं."

"आणि मिटायचे कधी?" मी विचारलं.

"कोण म्हणतंय मिटा म्हणून? तुम्ही उघडेच ठेवा."

इतक्या जणांनी मला डोळे मिटायला सांगितलं होतं. उघडे ठेवा म्हणणारा हा पहिलाच माणूस. मला एकदम रडू आलं. टपरीवाल्या भैयानं चहा पुढे केला आणि मी त्या गल्लीत, भर सकाळी, आईची गोष्ट सरांना सांगून टाकली.

आई नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये होती. मी तीन दिवस तिच्या उशाशी होते. चौथ्या दिवशी दुपारी, ऊन खिडकीत आलेलं, तिचा हात माझ्या हातात, आणि माझा डोळा लागला. वीस मिनिटं. जागी झाले तेव्हा हात हातातच होता, पण आई नव्हती. सगळे म्हणाले, शांतपणे गेली. मी झोपले होते हे कुणालाच कळलं नाही.

सरांनी माझं सांत्वन वगैरे काही केलं नाही. बन-मक्खनचा कागद घडी करून खिशात ठेवला. "वीस मिनिटं," म्हणाले. "म्हणजे त्यातली थोडी तरी आईनं तुम्हाला झोपलेलं बघितलं असंल. तीन दिवसांनी पोरीला झोप लागली म्हणून."

मला खरं तर रागच आला. इतकं सोपं करून टाकतात म्हणून आला. त्या दिवशी बँकेत मी दोन माणसांवर विनाकारण खेकसले. पण संध्याकाळी भांडी घासताना ते वाक्य परत आलं, आणि दुसऱ्या दिवशीही आलं. या बाजूनं मी त्या दुपारकडे कधी बघितलंच नव्हतं. ज्या खोलीत मी फक्त स्वतःला झोपलेलं बघत होते, तिथे आई जागी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

असं वर्षभर चाललं. मी उघड्या डोळ्यांनी ध्यान करायचे, सर उघड्या डोळ्यांनी शिकवायचे आणि मध्ये सात-आठ मिटलेले चेहरे. मला बऱ्यापैकी झोप यायला लागली. सर सांगलीहून मागवलेलं भडंग स्टीलच्या डब्यात आणत, ते वर्ग सुटल्यावर सगळ्यांना मिळे. श्रीवास्तवजी त्यासाठीच येतात, असा सरांचा जाहीर आरोप होता.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस धुकं इतकं होतं की बारातघराच्या खिडक्या पांढऱ्या दिसत होत्या. आदल्या दिवशीच्या लग्नाचे दिवे काढून नेलेले, आत एकच ट्यूब लुकलुकत होती. श्रीवास्तवजी त्या दिवशी आले नव्हते. त्यांच्या जागी कुणीतरी मांडवातलं जाड ब्लँकेट गुंडाळून ठेवलं होतं. सरांनी थेंब घातले, नजर फिरवली, "मैं हूँ" म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "श्रीवास्तवजी, कंधे ढीले. हाँ. बहुत अच्छे."

मी ब्लँकेटकडे बघितलं. मग सरांकडे. ते ब्लँकेटकडे मायेनं बघत होते. पुढची वीस मिनिटं त्यांनी अख्खा वर्ग त्या ब्लँकेटच्या श्वासावर चालवला. बाकी कुणाचेच डोळे उघडे नव्हते. ते बघणारी मी एकटीच होते.

टपरीवर सरच म्हणाले, "बोला. तुम्ही काहीतरी बघितलंय."

"श्रीवास्तवजी आज आले नव्हते, सर."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. हात जरा चुकला, ग्लास बाकाच्या कडेवर टेकला, मी तो आत सरकवला. मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. कडेनं खात येतो, मधलं तेवढं राहतं, आणि अंधुक उजेडात तेही धड नाही. "आयुष्यभर गोलातच बघितलं, नाशिककर. मायक्रोस्कोपमध्ये काय असतंय? मध्ये उजेडाचा गोल आणि भोवती काळं. आता सगळं जगच तसं दिसतंय. एवढाच फरक, हा गोल लहान होत चाललाय." डॉक्टरांनी आशा फारशी ठेवली नव्हती. सुनंदा वर्षभर सांगलीला बोलावत होती. ते टाळत होते, या वर्गासाठी.

"कुणाला सांगू नका," म्हणाले. "दिसत नाही म्हटल्यावर माणसं डोळे मिटणार नाहीत. आणि 'मैं हूँ' म्हणायला मला तोंड राहणार नाही."

मी त्यांना सांगितलं की हे खोटं आहे. मी बँकेतली, मला असली लपवाछपवी सहन होत नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. होळीपर्यंत वेळ द्या. मी स्वतः सांगतो." आणि खिशातून एक लाल पेन्सिल काढली, काचेवर लिहायची, मेणाची. स्लाइडवर खुणा करायला ती ते आयुष्यभर वापरत आले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या डाव्या हाताला बसायला लागले. पेन्सिलीचं एक टोक त्यांच्या बोटांत, दुसरं माझ्या. श्रीवास्तवजींचं पोट वर आलं की मी माझं टोक जरासं उचलायचे, खाली गेलं की खाली. सर बोलायचे, "आ रहा है... जाने दीजिए." सुरुवातीला माझी तारांबळ उडायची, पोट एकीकडे आणि पेन्सिल भलतीकडे. मग जमलं. इतकं, की कधी मी उचलायच्या आधीच ते बोलायचे. तीन महिने मी एका निवृत्त वीज-अधिकाऱ्याचं पोट जितकं मन लावून बघितलं, तितकं आयुष्यात काही बघितलं नसेल. त्या तीन महिन्यांत आईची आठवण यायची, पण धस्स होत नसे. एवढंच खटकायचं की श्रीवास्तवजींचा श्वास अलीकडे भलताच मोठ्यानं व्हायला लागला होता, भात्यासारखा. मला वाटलं, सर्दी असेल. लखनौच्या थंडीत असते प्रत्येकाला.

होळीच्या आदल्या आठवड्यात सरांनी शब्द पाळला. वर्ग संपल्यावर डबा उघडायच्या आधी म्हणाले, "एक बात कहनी है. मुझे अब ठीक से दिखता नहीं. काफ़ी दिन हुए. मैंने छुपाया. माफ़ कीजिए." आणि मान खाली घालून बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग श्रीवास्तवजी खाकरले. "सर, हमको तो दिवाली से पता है. आपने भडंग डिब्बे से सीधे हमारी गोद में परोस दिया था."

पांडे भाभी म्हणाल्या, "हमको कानपुर से. आप फ़ोन में हमारी जगह हमारे परदे से बात कर रहे थे."

"तो बोले क्यों नहीं?" सरांचा आवाज चढला.

"आप नहीं बोले तो हम क्या बोलते?" श्रीवास्तवजी म्हणाले. मग जरा लाजून, "इसीलिए तो हम ज़ोर-ज़ोर से साँस लेने लगे थे. सोचा, दिखता नहीं तो सुन तो लेंगे."

सर त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या जवळपास कुठेतरी, बघत राहिले. मग हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. माझी पेन्सिल आणि श्रीवास्तवजींचा भाता तीन महिने एकाच कामाला जुंपलेले होते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्या दिवशी भडंग श्रीवास्तवजींनी वाटलं.

त्यानंतर सर फार राहिले नाहीत. रिक्षाच्या धक्क्यानं एकदा पडले, तेव्हा सुनंदाताई येऊनच थडकली आणि तिनं तिकिटं काढली. शेवटच्या सकाळी सर नेहमीसारखे आले. मफलर लाल खुर्चीवर टाकला, खाली बसले. पण थेंब घातले नाहीत आणि नजरही फिरवली नाही. पेन्सिल माझ्या हातात दिली, अख्खी.

"आज मी मिटतो," म्हणाले. "आहात ना?"

"आहे, सर."

"मग चालवा की."

मी कधी वर्ग घेतला नव्हता. पण सगळे डोळे मिटले होते, सरांचेही, आणि ते चेहरे माझ्यावर विसंबून बसले होते. मी म्हटलं, "मैं हूँ." मग मी सगळ्यात संथ श्वास शोधायला लागले. तो श्रीवास्तवजींचा नव्हता, सरांचा होता. तपकिरी स्वेटरचं दुसरं बटण वर यायचं, खाली जायचं. मी त्याच्यामागून बोलत राहिले.

वीसेक मिनिटांनी ते बटण खाली गेलं आणि वर आलंच नाही.

मी बोलायची थांबले. सरांची मान किंचित कलली होती. नाशिकची ती खोली, ते ऊन, सगळं माझ्या अंगावर आलं. माझा हात त्यांच्या खांद्याकडे निघाला. ती खोली दिसत होती, तिला दिसू दिलं. बटणही दिसत होतं, ते बघत राहिले. हात मध्येच थांबवला. मग बटण हललं, हळूच वर आलं, आणि त्यांच्या घशातून बारीकसं घोरणं ऐकू आलं. सरांना झोप लागली होती. आयुष्यभर दुसऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस माझ्या भरवशावर झोपला होता. मी बाकीच्यांना खांद्याला हात लावून उठवलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि सगळे चपला हातात घेऊन बाहेर गेले. मी तिथेच बसून त्यांना बघत राहिले. मला त्या वेळी इतकं बरं वाटत होतं, की आईलाही त्या दुपारी असंच वाटलं असेल, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला.

अर्ध्या तासानं ते जागे झाले. "झोप लागली काय ओ मला?"

"लागली."

"उठवलं नाहीत?"

"नाही. श्वास चालू होता."

त्यांनी मान डोलावली, जणू मी स्लाइड बरोबर ओळखली होती.

ई-रिक्षा फाटकाशी उभी होती. सुनंदाताईनं बॅगा ठेवल्या, सरांना आत बसवलं. मी फाटकाच्या उजव्या खांबाशी उभी होते. रिक्षा सुटली तसे सर मागे वळले आणि हात हलवायला लागले, डाव्या खांबाकडे बघून. तिथे कुणीच नव्हतं. ते मनापासून हसून हात हलवत होते.

मी चटकन सरकले आणि डाव्या खांबाशी जाऊन उभी राहिले.